कप्तान रेडफर्न काय म्हणाला?

…तर साहेबाने ओव्हनच्या बटणाकडे हात नेला आणि बेरिलने हातातला डाव मध्ये आडवा धरला. शाळेच्या स्वयंपाकघरातला डाव तो, एका खेपेला चार-पाच पोरांचे वाटाणे उचलणारा. मनगटावर बसला असता तर साहेबाला महिनाभर सही करता आली नसती. साहेब वरून हुकूम घेऊन आला होता: या शाळेत उद्यापासून गरम जेवण बंद, पोरांना गार सँडविच द्यायचं, आणि उद्याचं आजच सुरू केलेलं काय वाईट? बाहेर फेब्रुवारीतला चिखल झालेला बर्फ, आत ओव्हनमध्ये मांस-बटाट्याच्या पाई फुगत होत्या, आणि दाराच्या काचेला नाकं लावून पोरं उभी होती. शाळेची स्वयंपाकीण बेरिल हार्ग्रीव्ज उंचीला साहेबाच्या टायच्या गाठीएवढी. पण मान वर करून, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली,

"हा मी लावलाय. बंद करणारे तुम्ही कोण?"

साहेबाने हात मागे घेतला. मग खाली बसला, पुढ्यात आलेली पाई खाल्ली, वर व्हिनेगर मागून घेतलं, आणि त्या शाळेतलं गरम जेवण काही बंद झालं नाही. नेल्सन गावात ही गोष्ट अजून सांगतात. सांगताना डाव दर वर्षी थोडा मोठा होतो, ते सोडा. पण सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं की ते वाक्य बेरिलचं नव्हतंच. ते कप्तान रेडफर्नचं. निदान बेरिल तरी तसं छातीवर हात ठेवून सांगायची.

कप्तान रेडफर्न म्हणजे 'नववा दीप'मधला. बेरिल लहान होती तेव्हा इंग्लंडात शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर ही मालिका लागायची, आणि गल्ल्या ओस पडायच्या. सूर्यमालेच्या पार कडेला एक खडक, खडकावर जाणाऱ्या-येणाऱ्या यानांना वाट दाखवणारा दिवा, आणि तो सांभाळायला हा एकटा कप्तान. सातव्या भागाचं नाव 'दारावरची थाप'. त्यात राखाडे येतात. राखाडे म्हणजे राखेच्या रंगाची, बिनचेहऱ्याची माणसं. ती दाराशी उभी राहून म्हणतात, दिवा बंद कर, आम्ही तुला घरी पोचवतो. तिकडून माणसांनी भरलेलं यान येत असतं. दिवा गेला की ते खडकावर आपटणार. कप्तान दाराशी येतो. एक वाक्य बोलतो. आणि भाग संपतो.

ते वाक्य कोणतं, यावर चांगली नोकरीधंद्याची, पिकल्या केसांची माणसं पस्तीस वर्षं भांडत होती.

भांडण मिटेना, कारण भागच शिल्लक नव्हता. त्या काळी फिती महाग. कार्यक्रम दाखवून झाला की फीत पुसायची आणि तिच्यावर घोड्यांच्या शर्यती भरायच्या. उरला होता तो नुसता आवाज, तोही कीथ ऑग्डनच्या कृपेने. कीथ पुढे बसमध्ये तिकिटं तपासायला लागला, पण तेव्हा शाळकरी पोरगा होता. मामाने दिलेला टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे ठेवून तो दर शनिवारी श्वास कोंडून बसायचा. सातव्या भागालाही बसला. राखाडे बोलले, वारा घोंघावला, कप्तानाचे बूट वाजले, कप्तान म्हणाला, "ऐका, राखाड्यांनो…" आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून कीथच्या आईने हाळी दिली, "कीथ! जेवण निवतंय बघ!"

पुढे नुसतं संगीत.

अख्ख्या देशात त्या भागाची तेवढी एकच टेप. तिच्या नकला गावोगाव गेल्या. लंडनचा माणूस ब्रिस्टलच्या माणसाला भेटला की रामराम म्हणावं तसं म्हणायचा, "जेवण निवतंय बघ!" एका पठ्ठ्याने तर ते सदऱ्यावर छापून घेतलं. कीथची आई बिचारी म्हातारपणी एकदा मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला गेली, तर सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. तिला वाटलं, पोराने नाव काढलं.

नेल्सनची मंडळी महिन्यातून एका शनिवारी दुपारी कामगार क्लबच्या माडीवर जमायची. कीथ अध्यक्ष, कारण टेप त्याची. बेरिल असायलाच हवी, कारण पाई तिच्या. आणि नॉर्मन डक्सबरी, धंद्याने प्लंबर, तो कशासाठी हे कुणालाच सांगता आलं नसतं, पण तो नसला की बैठक आळणी व्हायची.

"राखाडे हिरवे होते," नॉर्मन सुरुवात करायचा.

"नॉर्मन, टीव्ही काळा-पांढरा होता," कीथ म्हणायचा.

"आमच्याकडे हिरवेच दिसायचे."

"तुमच्या टीव्हीवर शेवाळ चढलं असेल. अरे, नावातच राख आहे ना!"

"नावाचं काय घेऊन बसलास? आमच्या गल्लीतल्या गोडबोल्या म्हातारीचं आडनाव शार्प होतं. आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा होता."

"कुत्रा तुझा होता," बेरिल पाई कापता कापता म्हणायची. "तू त्याला मांडीवर घेऊन बघायचास."

नॉर्मन "असेल," म्हणायचा. "पण पडद्यावर शोभून दिसायचा."

मग गाडी त्या वाक्यावर यायची. कीथ स्वतः सरळमार्गी, तेव्हा त्याचा कप्तानही सरळमार्गी. त्याच्या मते कप्तान म्हणाला होता, "दार उघडतो, पण त्या यानातल्या माणसांना धक्का लावू नका." नॉर्मनच्या मते कप्तान काही बोललाच नव्हता, त्याने सरळ पिस्तूल झाडलं होतं. बेरिल दोघांचं ऐकून घ्यायची आणि मग सुरी खाली ठेवून सांगायची, "हा मी लावलाय. बंद करणारे तुम्ही कोण? असं म्हणाला तो."

"तू ऐकलंस?"

"मी ऐकलं नाही. आईने वाचलं."

आता हे वाचलं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बेरिलची आई नेली कापड गिरणीत मागावर होती. एका छपराखाली शेकडो माग. चालू झाले की शेजारणीने कानात बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, ओठ चांगले ताणायचे, भुवया उडवायच्या, आणि समोरचीने डोळ्यांनी ऐकायचं. या बोलण्याला तिकडे मी-मॉ म्हणतात. जन्मभर असं बोललेल्या बाईपासून काय लपणार? एकदा बसथांब्यावर रस्त्यापलीकडच्या दोघी कुजबुजल्या, "नेलीची टोपी बघ, मेलेली कोंबडी जशी." नेली इकडून ओरडली, "मेलेलीच बरी गं! तुझ्यासारखी कलकलत तरी नाही!" चॅपेलमध्ये प्रार्थनेला पुरुष मंडळी तिच्या समोर बसली तर तोंडावर हात धरून बोलायची.

या नेलीने टीव्ही आणला तो जुना, बर्नली गावाहून, पोरांच्या बाबागाडीत घालून, ढकलत ढकलत. चित्र लख्ख, पण आवाज मुका. शेजारी म्हणाले, फसलीस. नेली म्हणाली, "फसले कसली? बोलायला मी आहे की." आणि खरंच शनिवारी ती टीव्हीच्या शेजारी उभी राहायची, हातात विणकाम, नजर पडद्यावरच्या ओठांवर, आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः बोलायची. कप्तानाला भरड आवाज, राखाड्यांना नाकातला, यानातल्या बाईला पाद्र्याच्या बायकोचा. आणि सगळे बोलायचे ते नेल्सनच्या भाषेत. कप्तान दार उघडून म्हणायचा, "आलात का मुडद्यांनो? पाय पुसा आधी." शेजारीपाजारी चांगले बोलते टीव्ही होते, तरी ते सोडून गार्डन स्ट्रीटची सगळी पोरं नेलीच्या मुक्या टीव्हीपुढे दाटीवाटीने बसायची. मोठेपणी बेरिलने क्लबात पहिल्यांदा कीथची टेप ऐकली, आणि नटाचा तो गुळगुळीत लंडनी आवाज कानावर पडताच म्हणाली, "हा कोण टिकोजीराव? कप्तान कुठाय?"

नेलीचा नवरा वॉल्टर मात्र वेगळ्याच घडणीचा. त्याच गिरणीत माग दुरुस्त करायचा. दारू नाही, मारहाण नाही, आठवड्याचा पगार बायकोच्या हातात. पण घरात काही चालू दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. दिवा दिसला की बंद कर, रेडिओ लागला की बंद कर, शेगडी फुलली की वर राख घाल. नेली लग्नाआधी चॅपेलच्या गायकवृंदात गायची. "पुरे झालं आता," असं वॉल्टर एकदा म्हणाला, आणि तेही बंद झालं. मोठ्याने कधी बोलला नाही हो. नुसता हात पुढे करायचा.

तर त्या संध्याकाळी कप्तान दाराशी आला आणि नेलीच्या तोंडून ते वाक्य निघालं. बेरिल नऊ वर्षांची, जमिनीवर मांडी घालून बसलेली. तिच्या अंगावर काटा आला, तो जन्मभर उतरला नाही. शाळा सोडून मागावर उभी राहिली, तेव्हा मुकादम तिचा चालता माग आपल्या भाचीला द्यायला निघाला. त्याला ते वाक्य मिळालं, भाचीला माग मिळाला नाही. पुढे एका मुलाशी लग्न ठरलं. तो म्हणाला, "लग्नानंतर टीव्हीची ही थेरं बंद हं." त्याला वाक्य आणि अंगठी दोन्ही एकदम परत मिळाली.

म्हणून क्लबात कुणी त्या वाक्यावर शंका घेतली की बेरिलचे कान लाल व्हायचे. एकदा मँचेस्टरच्या मेळाव्यात कॅनडाहून आलेला एक टकला गृहस्थ आपणहून म्हणाला, "कप्तान काय झकास बोलला होता! 'हा मी लावलाय'!" बेरिलने त्याची बाही धरून त्याला कीथसमोर उभा केला. "घ्या! सात समुद्रांपलीकडचा साक्षीदार!"

कीथने शांतपणे विचारलं, "आपलं मूळ गाव?"

"नेल्सन. गार्डन स्ट्रीट. लहानपणी शेजारच्या नेलीमावशीकडे टीव्ही बघायला जायचो."

नॉर्मन हसता हसता खुर्चीवरून घसरला. कीथ म्हणाला, "रागावू नकोस बेरिल, पण हे वाक्य सगळ्या पृथ्वीवर एकाच गल्लीला आठवतं."

"मग एकाच गल्लीला खरं ठाऊक आहे," बेरिल म्हणाली.

असं चाललं होतं. मग एका ऑक्टोबरात नेली गेली. वॉल्टर कधीच गेला होता. त्याच्याच शेजारी तिला ठेवलं. दगड आधीपासून उभा होता, वर वॉल्टरचं नाव, खालचा अर्धा कोरा, तिची वाट बघत. दगड कोरणारा ऑर्मरॉड म्हातारा म्हणाला, "नावाखाली काय घालायचं ते बहीणभावंडांनी मिळून सांगा. एकदा छिन्नी लावली की माझ्याकडे खोडरबर नाही."

भाऊ म्हणजे क्लिफर्ड, बेरिलपेक्षा पाच वर्षांनी मोठा. पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायच्या-बंद करायच्या कामावर होता. बंद करायचं काम जास्त मन लावून करायचा. बापाचा हात घेऊन जन्मलेला. कुणाच्याही घरून निघताना तिथले दिवे मालवून निघायचा, मग आत माणसं बसलेली का असेनात.

"'शांत झोपली' घालू," क्लिफर्ड म्हणाला. "सगळे तेच घालतात."

"आई कधी शांत झोपली? भिंतीपलीकडचे उठून बसायचे एवढी घोरायची." बेरिलने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "माझं ठरलंय. 'हा मी लावलाय. बंद करणारे तुम्ही कोण?' आणि खाली, कप्तान रेडफर्न."

"टीव्हीतलं वाक्य थडग्यावर? लोक हसतील, बेरिल."

"हसू देत. तिथे नाहीतरी करमणूक कमीच."

"आणि तो कप्तान तसं म्हणालाच नसेल तर? खोटं वाक्य दगडावर कोरायचं? कायमचं?"

"खोटं?" बेरिल उभी राहिली. "आईने कधी चुकीचं वाचलंय? एकदा तरी? तू मला सांग, एकदा तरी!"

क्लिफर्ड उठला, टोपी घातली, आणि जाताना सवयीने स्वयंपाकघरातला दिवा बंद करून गेला. बेरिल अंधारात उभी राहून त्याला शिव्या देत राहिली.

हिवाळाभर दगड तसाच कोरा. ऑर्मरॉड रस्त्यात भेटला की भुवया उंचावायचा. आणि अशात कीथचा फोन आला. बोलताना त्याला धाप लागत होती. न्यूझीलंडमध्ये कुणा मेंढपाळाच्या कोठारात जुने डबे सापडले होते. कधीकाळी तिकडे दाखवायला पाठवलेल्या फिती, परत पाठवायच्या राहून गेलेल्या. त्यातल्या एका डब्यावर लिहिलं होतं, 'दारावरची थाप'. त्याची व्हिडिओ कॅसेट नेल्सनकडे निघाली होती.

बेरिल फोन ठेवून तडक भावाकडे गेली. "आता कप्तानालाच विचारू. म्हणाला असेल तर वाक्य कोरायचं, खाली त्याच्या नावासकट. नसेल म्हणाला तर तुझं 'शांत झोपली'. दे हात."

क्लिफर्डने विचारलं, "नक्की?"

"घाबरलास?"

त्याने हात दिला.

मार्चमधल्या त्या शनिवारी क्लबच्या माडीवर उभं राहायला जागा नव्हती. गार्डन स्ट्रीटची जुनी पोरं आली होती, आता ढेरपोटी झालेली. बेरिलने पाई केल्या होत्या, कुस्करलेले वाटाणे होते, पण कुणाचं खाण्यात लक्ष नव्हतं. क्लिफर्ड पहिल्यांदाच आला. वर येताना त्याने जिन्यातला दिवा बंद केला, आणि मागून येणारा नॉर्मन पायरी चुकून वाटाण्यांच्या भांड्यासकट आत अवतरला.

कीथने कॅसेट लावली. पडद्यावर वारा सुटला. राखाडे आले आणि ते राखाडीच निघाले. नॉर्मनने सुस्कारा सोडला. कुत्रा शेवटपर्यंत आला नाही. कप्तानाने टेकायला हात लावला तेव्हा खडक हलला, पण कुणी हसलं नाही. चॅपेलमध्ये बसावीत तशी माणसं बसली होती. बूट वाजले. कप्तान दाराकडे गेला. "ऐका, राखाड्यांनो…"

"कीथ! जेवण निवतंय बघ!"

अख्खी खोली एका सुरात ओरडली. काय करणार, पस्तीस वर्षांची सवय! कप्तान पुढे काय म्हणाला ते पुन्हा एकदा कुणालाच ऐकू आलं नाही. कीथ कपाळावर हात मारून उठला. "तोंडाला कुलपं लावा रे! ज्याला राहवत नसेल त्याने तोंडात पाई कोंबा!" त्याने कॅसेट मागे नेली.

पुन्हा बूट. पुन्हा, "ऐका, राखाड्यांनो…" या वेळी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कप्तानाने प्रेक्षकांकडे पाठ फिरवली, मोठ्या दिव्याकडे तोंड केलं आणि त्या गुळगुळीत आवाजात म्हणाला,

"मला जरा वेळ द्या. विचार करून सांगतो."

आणि संगीत. भाग संपला.

मग नॉर्मन म्हणाला, "एवढंच? अरे, हे तर कुणाचा नळ गळत असला की मीच म्हणतो!"

कीथने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. त्याच्या आईने लोकांना केवढ्या निराशेतून इतकी वर्षं वाचवलं होतं, हे बहुधा त्याला तेव्हा कळलं असावं. गार्डन स्ट्रीटची पोरं एकमेकांची तोंडं बघत होती.

बेरिल पडद्याजवळ गेली. कीथला म्हणाली, "मागे ने. थांबव तिथे." चित्र थांबलं. कप्तानाची पाठ, खांदे, मानेवरचे केस. ती कितीतरी वेळ त्या पाठीकडे बघत होती.

"ओठच दिसत नाहीत," ती म्हणाली. "पाठ आहे. आई वाचणार कुठून?"

"अंदाजाने बोलल्या असतील गं," कीथ हळूच म्हणाला. "चांगलंच बोलल्या."

बेरिल म्हणजे डावाने साहेबाला थोपवणारी बाई, पण आता तिच्या हातात धरायला काही नव्हतं. क्लिफर्ड उठला. टोपी घातली. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडला नसता. जाता जाता त्याचा हात आपला सवयीने टीव्हीच्या बटणाकडे गेला.

"क्लिफर्डराव, हात आवरा!" नॉर्मन ओरडला. "या खोलीत बंद करणाऱ्याला एक वाक्य ऐकून घ्यावं लागतं!"

माडी हसली. क्लिफर्ड लाजला, आणि त्याचा हात तसाच अर्ध्यावर राहिला, बोटं पुढे, अंगठा वळलेला. बेरिल त्या हाताकडे बघत होती. तो हात तिने लहानपणी रोज बघितला होता. दिव्याकडे जाताना, रेडिओकडे जाताना.

"क्लिफर्ड," ती म्हणाली, "त्या संध्याकाळी बाबा कुठे होते?"

"कोणत्या?"

"वेड पांघरू नकोस. तू तेव्हा चौदा वर्षांचा घोडा होतास. तुला आठवतंय."

क्लिफर्डने हात खाली घेतला. खुर्ची ओढून बसला. आजूबाजूला एवढी माणसं आहेत हे बघून त्याने आवाज उतरवला, पण खोली इतकी गप्प झाली होती की उतरवून उपयोग नव्हता.

"बाबा कामावरून आले. डोकं दुखत होतं त्यांचं. दारात उभे राहिले, कोट अंगात तसाच. म्हणाले, 'नेली, बंद कर ते.' आई बोलतच राहिली, राखाड्यांचं. मग ते पुढे आले आणि हात…" त्याने हात केला, मघासारखाच. "तुम्ही सगळी पोरं पडद्याकडे बघत होतात. मी बाबांकडे बघत होतो. आईसुद्धा पडद्याकडे बघत नव्हती, बेरिल. ती त्यांच्याकडे बघून बोलली ते. कप्तानाच्याच आवाजात."

"आणि बाबा?"

"काही नाही. हात मागे घेतला. आत गेले, गार पाई खाल्ली. त्यानंतर त्या टीव्हीला त्यांनी कधी हात लावला नाही."

नॉर्मनच्या हातातला वाटाण्यांचा चमचा मघापासून हवेतच होता. बेरिल म्हणाली, "इतकी वर्षं तोंडातून शब्द काढला नाहीस?"

"काय काढू? तू त्या कप्तानावर उभी होतीस. तुझ्या पायाखालून कप्तान काढून घेऊ?"

बेरिलने डोळे पुसले, नाक शिंकरलं, पाईच्या टेबलापाशी गेली. सुरी उचलली, परत ठेवली. मग वळली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"ठीक. पैज मी हरले. कप्तान म्हणाला नाही, तेव्हा कप्तानाचं नाव दगडावर येणार नाही. त्याला विचार करायचाय, करू दे."

"मग 'शांत झोपली' सांगू ऑर्मरॉडला?"

"कशाला? पैज कप्तानाच्या वाक्याची होती. हे आईचं निघालं. आईचं वाक्य आईच्या नावाखाली कोरायला मी कुणाची परवानगी मागू?"

गार्डन स्ट्रीटवाल्यांनी बाकं बडवली. कीथने अध्यक्ष म्हणून शांतता राखायला सांगितलं आणि स्वतःच बाक बडवलं.

क्लिफर्ड मात्र उभा राहिला. आता त्याचाही आवाज चढला होता. "अगं, जरा डोकं चालव! म्हणून तर मी नको म्हणत होतो! एकच दगड आहे, बेरिल. वर 'वॉल्टर हार्ग्रीव्ज', आणि त्याच्या खाली 'बंद करणारे तुम्ही कोण'? साऱ्या गावाला कळेल कुणाला विचारलंय ते. बाबा तिथेच पडलेत, तिच्या शेजारी. त्यांना काय वाटेल?"

बेरिलने पाईचा एक मोठा तुकडा कापला, ताटलीत ठेवला, ताटली भावाच्या हातात दिली आणि म्हणाली,

"तेव्हा बाबांनी उत्तर दिलं नाही, क्लिफर्ड; आता त्यांना वेळच वेळ आहे, विचार करून सांगू देत. तू ऑर्मरॉडला एवढंच सांग, अक्षरं मोठी आणि खोल काढ म्हणावं, खालूनसुद्धा वाचता आली पाहिजेत."